उंच अडथळा, अल्प स्मरण : विरल मृत्तिका एकरेणू चुंबकांच्या संशोधनातील निकषांचे चिकित्सक परीक्षण

गोषवारा

एकच रेणू चुंबकाप्रमाणे वागू शकतो, या शोधाला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात विरल मृत्तिका मूलद्रव्यांच्या, विशेषतः टर्बियम व डिस्प्रोशियम यांच्या संयुगांनी या क्षेत्राचे स्वरूप पालटून टाकले. मात्र या प्रगतीचे मूल्यमापन दीर्घकाळ 'ऊर्जाअडथळ्याची उंची' या एका आकड्यावर होत राहिले. हा आकडा उपयुक्त असला तरी चुंबकत्वाची कसोटी म्हणून तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. जवळजवळ समान अडथळा असलेल्या, परंतु वर्तनात अत्यंत भिन्न असलेल्या रेणूंच्या दोन जोड्यांच्या आधारे हे प्रतिपादन मांडले आहे.

बीजसंज्ञा : एकरेणू चुंबक, विरल मृत्तिका, डिस्प्रोशियम, टर्बियम, ऊर्जाअडथळा, शिथिलनकाल, अवरोध तापमान, हिस्टेरिसिस.

१. प्रस्तावना

लोखंडाच्या तुकड्यातील चुंबकत्व हे असंख्य अणूंच्या परस्पर सहकार्याचे फळ असते. एकरेणू चुंबकाची कल्पना याहून मूलतः वेगळी आहे. येथे प्रत्येक रेणू स्वतंत्रपणे चुंबकनाची दिशा 'वर' किंवा 'खाली' अशी धरून ठेवतो आणि शेजारच्या रेणूच्या आधाराची त्याला गरज नसते. या कल्पनेचे आद्य उदाहरण म्हणजे बारा मँगनीज अणूंचे अ‍ॅसिटेट संयुग होय. पोलंडमधील टी. लिस यांनी १९८० मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. त्याचे चुंबकीय वैशिष्ट्य मात्र १९९१ ते १९९३ या काळात दांते गात्तेस्की, रोबेर्ता सेस्सोली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून उजेडात आले. २ केल्विन तापमानाला या रेणूचे चुंबकन विरण्यास सुमारे दोन महिने लागतात. रेणूला स्मरणशक्ती आहे असे म्हणण्याजोगा हा पहिला पुरावा होता.

या रेणूतील आठ मँगनीज आयनांचे स्पिन एका दिशेला व चार आयनांचे विरुद्ध दिशेला असल्याने एकूण स्पिन १० इतके होते. 'वर' व 'खाली' या दोन अवस्थांमध्ये सुमारे ६० ते ७० केल्विन उंचीचा ऊर्जाअडथळा असतो. अडथळ्याची उंची स्पिनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे सूत्र प्रचलित असल्यामुळे, स्पिन वाढवीत गेल्यास उत्तम चुंबक मिळेल अशी धारणा झाली. २००६ मध्ये जर्मनीतील अ‍ॅनी पॉवेल यांच्या गटाने एकोणीस मँगनीज अणूंचा असा रेणू सादर केला की ज्याचे स्पिन ८३/२ इतके प्रचंड होते. परंतु त्यात दिशेचा आग्रह, म्हणजेच विषमदिकता, जवळजवळ नव्हती आणि चुंबक म्हणून तो दुबळाच ठरला. पुढे २००७ मध्ये ओलिव्हर वाल्डमान यांनी दाखवून दिले की अडथळा स्पिनच्या वर्गाप्रमाणे वाढतो ही अपेक्षाच फसवी आहे, कारण स्पिन वाढते तसतसा विषमदिकतेचा गुणक घटत जातो.

म्हणजेच एका सोप्या आकड्याच्या मागे लागून दिशा चुकण्याचा अनुभव या क्षेत्राने विरल मृत्तिकांचे युग बहरण्यापूर्वीच घेतला होता. नव्या युगात स्पिनची जागा अडथळ्याच्या उंचीने घेतली. ही अदलाबदल कितपत समर्थनीय होती, याचा विचार पुढे केला आहे.

२. विरल मृत्तिका आयनांचे वेगळेपण

लँथॅनाइड आयनांच्या ४एफ कक्षकांतील इलेक्ट्रॉन अणूच्या आतील भागात दडलेले असतात. परिणामी त्यांची कक्षीय गती लिगंडांमुळे दडपली जात नाही आणि स्पिनशी तिची घट्ट सांगड टिकून राहते. बारा मँगनीज अणूंनी मिळून जी विषमदिकता निर्माण होते, तिच्याहून कितीतरी अधिक विषमदिकता डिस्प्रोशियमचा एकटा आयन दाखवू शकतो.

नाओतो इशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे प्रथम सिद्ध केले. थॅलोसायनीनच्या दोन सपाट चकत्यांमध्ये टर्बियमचा एक आयन धरलेल्या रेणूत त्यांना सुमारे ३३० केल्विनचा अडथळा आढळला. मँगनीजच्या आद्य रेणूशी तुलना करता ही झेप जवळजवळ पाचपट होती. पुढे २०११ मध्ये जेफ्री राइनहार्ट व जेफ्री लाँग यांनी रेणूरचनेसाठी एक सुलभ मार्गदर्शक तत्त्व मांडले. टर्बियम व डिस्प्रोशियम आयनांचा इलेक्ट्रॉन-मेघ इष्ट अवस्थेत चकतीसारखा चपटा असतो, म्हणून लिगंडांचा ऋणभार अक्षावर, म्हणजे वर व खाली असावा. अर्बियमचा मेघ लांबट असतो, म्हणून त्याच्यासाठी ऋणभार मध्यप्रतलात असावा.

याखेरीज डिस्प्रोशियमला आणखी एक नैसर्गिक लाभ आहे. त्याच्या त्रिधन आयनात ४एफ इलेक्ट्रॉनांची संख्या ९, म्हणजे विषम असते. क्रॅमर्स यांच्या प्रमेयानुसार अशा आयनाच्या 'वर' व 'खाली' या अवस्था बाह्य क्षेत्र नसताना समान ऊर्जेच्याच राहतात, मग रेणूची सममिती बिघडलेली असली तरी. टर्बियमच्या त्रिधन आयनात इलेक्ट्रॉन ८ असल्याने त्याला ही हमी मिळत नाही. सममिती थोडी ढळली तरी दोन्ही अवस्था एकमेकींत मिसळू लागतात.

राइनहार्ट व लाँग यांच्या तत्त्वाची फलश्रुती निर्विवाद आहे. त्यामुळे संश्लेषणाला दिशा मिळाली व योगायोगाची जागा आराखड्याने घेतली. अडथळ्याच्या उंचीला निकष मानण्याच्या भूमिकेतील हा बळकट भाग मान्य करूनच तिच्या मर्यादांकडे वळणे न्याय्य ठरेल.

३. दोन जोड्यांची साक्ष

पहिली जोडी टर्बियमची आहे. इशिकावा यांच्या रेणूचा अडथळा सुमारे ३३० केल्विन होता. तरीही बाह्य क्षेत्र शून्याजवळ येताच त्याचे हिस्टेरिसिस वलय मध्यभागी आक्रसते, म्हणजे नेमक्या शून्य क्षेत्रात, जेथे चुंबकाने आपले चुंबकन राखावे अशी अपेक्षा असते, तेथेच ते बव्हंशी गळून जाते. २०११ मध्ये राइनहार्ट, लाँग, विल्यम एव्हान्स व सहकारी यांनी दोन टर्बियम आयनांना नायट्रोजनच्या त्रिऋण मूलकाने जोडणारा रेणू सादर केला. त्याचा अडथळाही सुमारे ३२७ केल्विन, म्हणजे व्यवहारतः तेवढाच होता. मात्र या रेणूने सुमारे १४ केल्विनपर्यंत हिस्टेरिसिस दाखविले. मूलकातील विजोड इलेक्ट्रॉनने दोन्ही आयनांना एकमेकांशी घट्ट बांधले व अडथळ्याच्या आरपार जाण्याची वाट रोखली, हे या फरकाचे प्रमुख कारण होय.

दुसरी जोडी डिस्प्रोशियमची असून ती अधिक बोलकी आहे. २०१६ मध्ये यान-झेन झेंग, रिचर्ड विनपेनी, निकोलस चिल्टन व सहकाऱ्यांनी पंचकोनी द्विपिरॅमिड आकाराचा डिस्प्रोशियम रेणू प्रसिद्ध केला. अक्षावर दोन अल्कॉक्साइड व मध्यप्रतलात पाच पिरिडिन अशी त्याची रचना आहे. त्याचा अडथळा १८१५ केल्विन होता व तो त्या वेळचा उच्चांक ठरला. परंतु त्याचे हिस्टेरिसिस सुमारे ४ केल्विनपर्यंतच उघडे राहत होते आणि अन्य पद्धतीने मोजलेले अवरोध तापमान १४ केल्विन होते. पुढील वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, मँचेस्टर येथील डेव्हिड मिल्स व चिल्टन यांच्या गटाने दोन सायक्लोपेंटाडायनिल वलयांमध्ये डिस्प्रोशियम धरलेला 'डिस्प्रोसोसेनियम' आयन सादर केला; रिचर्ड लेफिल्ड यांच्या गटानेही स्वतंत्रपणे त्याच आयनाचा वृत्तांत दिला. त्याचा अडथळा सुमारे १७६० केल्विन, म्हणजे आधीच्या उच्चांकापेक्षा किंचित कमीच होता. तरीही त्याचे हिस्टेरिसिस ६० केल्विनपर्यंत टिकले.

केवळ अडथळ्याच्या उंचीनुसार क्रम लावल्यास २०१६ चा रेणू वरचढ ठरतो. प्रत्यक्ष चुंबक म्हणून २०१७ चा रेणू पंधरापट अधिक तापमानाला टिकतो. एखादा निकष दोन वस्तूंचा क्रम इतका उलटा लावीत असेल, तर वस्तूंपूर्वी निकषच तपासावयास हवा.

४. अडथळ्याखालून जाणाऱ्या वाटा

या विसंगतीचा उलगडा शिथिलनाच्या यंत्रणेत आहे. रेणूने कंपनांपासून ऊर्जा घेऊन पायरी-पायरीने अडथळा चढावा व पलीकडे उतरावे, या वाटेला ऑरबाख प्रक्रिया म्हणतात. केवळ हीच वाट खुली असेल तर शिथिलनकाल अडथळा व तापमान यांच्या गुणोत्तरानुसार घातांकी रीतीने वाढतो. सूत्रातील पूर्वघटक दहाचा उणे अकरावा घात सेकंद मानल्यास, १०० सेकंदांच्या शिथिलनकालासाठी अडथळा तापमानाच्या साधारण ३० पट असावा लागतो. पूर्वघटक रेणूगणिक बदलतो, म्हणून हे गणित ढोबळ आहे. तरी त्यावरून २०१६ च्या रेणूकडून ६० केल्विनच्या आसपासची अपेक्षा करता येते. प्रत्यक्षात आढळलेले १४ केल्विन व ही अपेक्षा यांतील तफावत म्हणजे अन्य वाटांनी झालेल्या गळतीचे मापच होय.

या अन्य वाटा दोन आहेत. पहिली क्वांटम टनेलिंगची, ज्यात रेणू अडथळा न चढता आरपार जातो. शेजारच्या रेणूंचे चुंबकीय क्षेत्र व अणुकेंद्राचे स्पिन या वाटेला हातभार लावतात. म्हणूनच संशोधक नमुन्यात चुंबकत्वहीन यिट्रियमची भेसळ करून रेणू एकमेकांपासून दूर ठेवतात, तर काहींनी अणुकेंद्रीय स्पिन नसलेल्या डिस्प्रोशियम समस्थानिकांचा वापर करून टनेलिंग मंदावते हे दाखविले आहे. दुसरी वाट रामन प्रक्रियेची. तीत एका कंपनाकडून ऊर्जा घेऊन दुसऱ्याला दिली जाते व रेणू अडथळ्याच्या शिखराकडे न फिरकताच दिशा बदलतो.

येथे निर्णायक ठरते ती रेणूची कंपनशीलता. मँचेस्टरच्या गटाने आपल्या रेणूच्या यशाचे श्रेय धातू व वलये यांच्यातील विशिष्ट, स्थानिक कंपनांना दिले. डिस्प्रोसोसेनियममध्ये वलयांतील कार्बन अणू परस्परांशी जखडलेले असतात. प्रत्येक दात्या अणूला स्वतंत्रपणे हलण्याची मोकळीक नसते. त्याच वर्षी अलेस्सांद्रो लुंगी, सेस्सोली व सहकाऱ्यांनी सैद्धांतिक विवेचनातून अडथळ्याखालील शिथिलनात असंवादी कंपनांचे महत्त्व दाखवून दिले. म्हणजे प्रश्न केवळ भिंत किती उंच हा नाही, तर तिला भगदाडे किती हाही आहे. अडथळ्याच्या आकड्यात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुळीच नसते.

५. मोजमाप व नामकरण यांतील शैथिल्य

अडथळ्याचा आकडा अनेकदा ज्या रीतीने काढला जातो, तीही चिकित्सेला पात्र आहे. प्रत्यावर्ती क्षेत्रातील चुंबकीय ग्राह्यता मोजणारी प्रचलित उपकरणे साधारण ०.१ ते १५०० हर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. त्यामुळे शिथिलनकालाची चार-एक दशमान पटींची खिडकीच उपलब्ध होते. या मर्यादित वक्रावर ऑरबाख, रामन, टनेलिंग व प्रत्यक्ष प्रक्रिया या चारही वाटांचे मिळून पाच ते सात मोकळे प्राचल बसविले जातात. वक्र उत्तम जुळतो. परंतु प्राचलांचा तोच एक संच सत्य आहे याची खात्री त्यातून मिळत नाही. उलटपक्षी, आलेखाचा फक्त उच्च तापमानाकडील सरळ भाग घेऊन अडथळा काढल्यास आकडा मोठा दिसतो व गळतीचा प्रदेश चर्चेबाहेर राहतो.

अवरोध तापमानाबाबतही एकवाक्यता नाही. काही ठिकाणी तो शब्द हिस्टेरिसिस वलय मिटण्याच्या तापमानासाठी, काही ठिकाणी शिथिलनकाल १०० सेकंद होण्याच्या तापमानासाठी, तर काही ठिकाणी क्षेत्राविना थंड केलेल्या नमुन्याच्या चुंबकन-आलेखातील शिखरासाठी वापरला जातो. त्यातही हिस्टेरिसिसचे तापमान क्षेत्र बदलण्याच्या वेगावर अवलंबून असते. २०११ मधील नायट्रोजन-मूलकाच्या संयुगांपैकी डिस्प्रोशियमच्या रेणूसाठी ८.३ केल्विनचा आकडा सेकंदाला ०.०८ टेस्ला या वेगाने, तर टर्बियमच्या रेणूसाठी १४ केल्विनचा आकडा सेकंदाला सुमारे ०.०००९ टेस्ला या वेगाने नोंदविलेला आहे. मूळ निबंधांत वेग स्पष्टपणे दिलेले आहेत. परंतु दोन्ही आकडे वेग वगळून एकाच तक्त्यात मांडले की वाचकाची दिशाभूल होते.

नामकरणाचा प्रश्न याच प्रवृत्तीचा भाग आहे. बाह्य क्षेत्र लावल्यावरच मंद शिथिलन दाखविणाऱ्या, हिस्टेरिसिस मुळीच नसलेल्या संयुगांनाही सरसकट 'एकरेणू चुंबक' म्हटले जाते. बाह्य आधाराशिवाय जो दिशा धरून ठेवीत नाही, त्याला चुंबक म्हणणे हा शब्दाचा अतिव्याप्त वापर होय. 'क्षेत्रप्रेरित मंद शिथिलन' हे कमी आकर्षक परंतु यथार्थ वर्णन अशा ठिकाणी योजणे उचित ठरेल.

६. उच्चांकांपलीकडील मूल्ये

२०१८ मध्ये लेफिल्ड यांच्या गटाने सुमारे २२१७ केल्विन अडथळ्याच्या डिस्प्रोशियम रेणूत ८० केल्विनला हिस्टेरिसिस दाखवून द्रव नायट्रोजनची ७७ केल्विनची सीमा ओलांडली. २०२२ मध्ये लाँग व सहकाऱ्यांनी दोन डिस्प्रोशियम अणूंना एकाच इलेक्ट्रॉनच्या बंधाने जोडणारा रेणू सादर केला. ६० केल्विनपर्यंत त्याचे चुंबकन उलटविण्यास १४ टेस्लाचे क्षेत्रही अपुरे किंवा जेमतेम पडते. २०२५ मध्ये मँचेस्टरच्या गटाने सुमारे २६५० केल्विन अडथळ्याच्या रेणूत १०० केल्विनपर्यंत हिस्टेरिसिस नोंदविले. या निबंधाच्या शीर्षकातच हे हिस्टेरिसिस 'मृदू' असल्याचे सांगितले आहे, ही लेखकांची शास्त्रीय प्रांजळता उल्लेखनीय होय. कमी तापमानाला अतिकठीण चुंबक श्रेष्ठ की अधिक तापमानाला मृदू चुंबक श्रेष्ठ, याचे उत्तर उपयोगावर अवलंबून आहे. एकच उच्चांक-तक्ता ते देऊ शकत नाही.

प्रत्येक निबंधाच्या प्रस्तावनेत पुनरुक्त होणाऱ्या 'माहिती-साठवणूक' या आश्वासनाचीही येथे तपासणी करणे आवश्यक आहे. दहा वर्षे माहिती टिकविण्यासाठी, वरील ढोबळ गणितानुसार व इतर सर्व वाटा बंद आहेत असे गृहीत धरूनही, अडथळा तापमानाच्या सुमारे ४५ पट असावा लागेल. ३०० केल्विन या खोलीच्या तापमानासाठी हा आकडा १३,५०० केल्विनच्या घरात जातो. २०२५ मधील उपरोक्त अडथळा त्याच्या एक-पंचमांशही नाही. ७७ केल्विनसाठीसुद्धा सुमारे ३४५० केल्विन लागतील. १०० सेकंदांच्या स्मरणावरून संगणकीय स्मृतीचे आश्वासन देणे हे म्हणूनच घाईचे ठरते.

उच्चांकांच्या धावपळीत दुर्लक्षित राहणाऱ्या आणखी एका मूल्याचा निर्देश करावयास हवा. डिस्प्रोसोसेनियम वर्गातील संयुगे हवा व ओलावा पूर्णतः वर्ज्य करूनच हाताळावी लागतात. २०१६ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. मुरुगवेल व गोपालन राजारामन यांच्या गटांनी हवेत स्थिर राहणारा डिस्प्रोशियम रेणू सादर केला. अक्षावर फॉस्फोनिक अमाइडचे दोन लिगंड व मध्यप्रतलात पाण्याचे पाच रेणू अशी त्याची रचना असून अडथळा सुमारे ७३५ केल्विन व अवरोध तापमान सुमारे १२ केल्विन आहे. त्याच वर्षीच्या १८१५ केल्विनच्या उच्चांकाशी हे १२ केल्विन ताडून पाहावेत. निम्म्याहून कमी अडथळ्याचा, उघड्या हवेत टिकणारा रेणू चुंबक म्हणून त्या उच्चांकाच्या जवळपास पोहोचतो, ही बाब केवळ अडथळ्याच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही.

याहूनही उद्बोधक आहे इशिकावा यांच्या टर्बियम रेणूची पुढील वाटचाल. उच्चांकांच्या दृष्टीने तो केव्हाच मागे पडला. परंतु हा रेणू दणकट आहे. त्यामुळे वोल्फगांग वेर्न्सडॉर्फर, फ्रांक बालेस्त्रो व सहकाऱ्यांनी तो विद्युत्-परिपथात बसविला. २०१२ मध्ये त्यांनी टर्बियमच्या एकट्या अणुकेंद्राचे स्पिन विद्युत्-मापनाने वाचले आणि २०१४ मध्ये विद्युत्-क्षेत्राने ते नियंत्रितही केले. हे प्रयोग केल्विनच्या अल्पांशाइतक्या तापमानाला झाले. त्यांतील वाचन शक्य झाले ते टनेलिंगमुळेच: रेणू कोणत्या क्षेत्रमूल्याला अडथळ्याच्या आरपार जातो यावरून अणुकेंद्राची अवस्था ओळखता येते. उच्चांक-तक्ता ज्याला दोष मानतो, तेच येथे वाचनाचे साधन ठरले.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. ऊर्जाअडथळ्याच्या संकल्पनेने विरल मृत्तिका रेणूंच्या रचनेला शास्त्रशुद्ध दिशा दिली. तिचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. परंतु समान अडथळ्याच्या दोन्ही जोड्यांतील टोकाचे अंतर पाहता, हा आकडा एकटा चुंबकत्वाचे माप ठरू शकत नाही. अडथळ्याखालील गळती, कंपनांची जडणघडण व शून्य क्षेत्रातील वर्तन यांचा समावेश नसलेले मूल्यमापन अपुरेच राहील.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयाचे अध्यापन व संशोधन-मार्गदर्शन करताना कोणत्याही दाव्याला काही मूलभूत प्रश्न विचारले जाणे अगत्याचे आहे. अवरोध तापमान कोणत्या व्याख्येने दिले आहे? क्षेत्र बदलण्याचा वेग किती होता? शून्य क्षेत्रात किती चुंबकन उरते? नमुना शुद्ध होता की यिट्रियमने विरल केलेला? वक्रात किती प्राचल बसविले? संयुग हवेत टिकते का? हे प्रश्न विचारण्यासाठी द्रव हेलियमची किंवा महागड्या चुंबकमापकाची आवश्यकता नाही. प्रसिद्ध निबंधातील आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी मांडले तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. ज्या महाविद्यालयांत अशी उपकरणे नाहीत, तेथील विद्यार्थ्यालाही या क्षेत्रातील वाङ्मयाचे साक्षेपी वाचन करता येईल व तसे वाचन हे संशोधनच आहे, ही जाणीव त्याच्या ठायी निर्माण करणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी ठरते.